तार नसेल तर ‘हो’ समजायचं

चाकणहून निगडीला जाणारी आमच्या कंपनीची बस मोशीच्या अलीकडे एकदा अडकली की माणसं किस्से काढतात. दुसरं करणार काय? मोबाईलची बॅटरी संपत आलेली, बाहेर कंटेनरची रांग, आणि प्रत्येकाच्या पोटात भूक. आधी कुणीतरी कॅन्टीनच्या पोह्यांपासून सुरुवात करतं, मग गाडी सुपरवायझरवर येते, मग मशीनवर. हसायचा किस्सा असेल तर सांगणारा सीटवरून उठून सांगतो. भीतीचा असेल तरी हसतच सांगतो, फक्त बसून सांगतो आणि सांगताना स्वतःच्या हातांकडे बघत राहतो. आमच्या या पट्ट्यात, एकदोन बोटं कमी असलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

माझ्याकडे असे किस्से साठत गेले ते एका शब्दामुळे. डीफॉल्ट.

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले, काळेवाडीत राहते आणि चाकणच्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम करते. गाड्यांमध्ये बसणारे पंप आणि पाइप गळतात का, हे तपासणारी मशीन आम्ही बनवतो. प्रोग्रॅम म्हणजे दिवसभर इंग्रजी टाइप करणं, असं माझ्या आईला वाटतं. आमच्याकडे तो चित्रासारखा काढायचा असतो. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि त्यांच्यामध्ये तारा ओढायच्या. एक चौकोन विचारतो दाब किती, दुसरा विचारतो तेल किती गरम, तिसरा विचारतो दार बंद आहे का. उत्तर तारेतून येतं. पण तार जोडायची राहिली, किंवा कुणी पुसून टाकली, तरी चौकोन अडून बसत नाही. त्याच्या पोटात आधीच एक उत्तर भरून ठेवलेलं असतं. ते काढतो आणि पुढे जातो. ते पोटातलं उत्तर म्हणजे डीफॉल्ट. काय भरायचं ते माणूस ठरवतो.

आमच्याकडे ते खैरे सर ठरवायचे. खैरे सर म्हणजे आमचे हेड. पन्नाशी ओलांडलेले, खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही प्रश्नाला तयार उत्तर. मला ‘बाळा’ म्हणतात. माझी डिग्री त्यांच्यापेक्षा वरची आहे, हे त्यांना माहीत असल्यामुळे जरा जास्तच म्हणतात.

आणि ज्या मशीनचे हे किस्से आहेत त्या मशीनवर मंगलताई. निघोजेची. आमची शेड जिथे उभी आहे तिथे तिच्या चुलत सासऱ्यांचं कांद्याचं वावर होतं, त्यामुळे ती शेडमध्ये घरात फिरल्यासारखी फिरते. मशीन कस्टमरकडे जाईपर्यंत त्यांचे पंप आमच्याकडेच तपासले जातात, आणि तिचं काम असं: पंप मशीनच्या आत बसवायचा, दार ओढायचं, मग वरून लोखंडी दट्ट्या खाली येतो, पंप दाबून धरतो आणि तपासणी सुरू होते. मशीन पायाच्या पेडलनं सुरू होते. मंगलताईची सवय अशी की पेडल आधी मारायचं आणि दार नंतर ओढायचं. हातानं पंप सरळ करता करता पाय आपलं काम उरकून टाकतो. तेवढाच वेळ वाचतो. दार उघडं असेपर्यंत मशीन हलत नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

दार उघडं आहे हे मशीनला कळतं ते एका चौकोनामुळे आणि त्याच्या एका तारेमुळे.

नियमानं अशा दाराला वेगळा रिले लागतो. प्रोग्रॅम काहीही म्हणो, दार उघडलं की तो थेट दट्ट्याची वीजच तोडतो. मी रुजू झाले त्याच आठवड्यात सरांना विचारलं, “रिले कुठाय?”

“प्रोग्रॅममध्ये चौकोन आहे ना, बाळा. एकाच कामाला दोन माणसं कशाला?”

तेव्हापासून मी त्या मशीनजवळ गेले की मला मंगलताईचे हातच दिसतात. चेहरा नंतर दिसतो.

* * *

पहिला किस्सा सगळ्यात सौम्य.

मशीन घ्यायला निघालेल्या कस्टमरची माणसं बघायला आली होती. सर रंगात आलेले. “आता ही मशीन ठरल्याप्रमाणे काही फेऱ्या करेल आणि आपोआप थांबेल,” ते म्हणाले आणि मागे हात बांधून उभे राहिले.

मशीन फेऱ्या करू लागली. दट्ट्या खाली, दट्ट्या वर. चहा आला. चहा संपला. दट्ट्या खाली, दट्ट्या वर.

किती फेऱ्या करायच्या ते विचारणाऱ्या चौकोनाला तारच नव्हती. पोटात शून्य होतं, आणि त्या चौकोनाच्या भाषेत शून्य म्हणजे थांबू नकोस.

कस्टमरच्या माणसानं घड्याळात पाहिलं. सर जराही न डगमगता म्हणाले, “हे एन्ड्युरन्स आहे, मशीनच्या दमाची परीक्षा. बाकीचे याचे वेगळे पैसे लावतात.”

माझ्याशेजारी सागर उभा होता. सागर लातूरचा, आमच्याकडे वायरिंग करतो. तो कानात म्हणाला, “पाहुणे गेल्यावर थांबेल बघ. लाजायली ती.”

पाहुणे खूश होऊन गेले. मी लाल बटण दाबून मशीन बंद केली. मंगलताई इतका वेळ दारापासून दोन हात लांब उभी होती. जवळ येऊन तिनं मला हळूच विचारलं, “ह्ये लाल बटन सोडलं तर हिला कोन थांबवतं?”

मी म्हणाले, “प्रोग्रॅम.”

“म्हंजी खैरे सर,” ती म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

* * *

त्यानंतर आमचं युद्ध सुरू झालं.

दाराच्या चौकोनाच्या पोटात सरांनी भरलं होतं ‘बंद’. म्हणजे तार असो वा नसो, मशीननं दार बंदच समजायचं. मी ते बदलून ‘उघडं’ केलं. तार सुटली, तर मशीन हलणार नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात तार सुटली. कुणीतरी पडद्यावरची मांडणी सुबक करायला गेलं आणि एक तार निखळली. सकाळी मंगलताई पेडल मारतेय, दार ओढतेय, मशीन ढिम्म. स्क्रीनवर लाल अक्षरं: दार उघडं आहे. दार तर घट्ट लागलेलं.

सर आले. त्यांनी दाराला दोनदा ठोकलं. “बघ. मशीन खोटं बोलायला शिकवलंस तू.”

“सर, तिला माहीत नाहीये की दार कसं आहे. माहीत नसेल तर थांबायला नको?”

“माहीत नाही म्हणून थांबायचं? आम्ही लागलो तेव्हा आम्हाला तरी काय माहीत होतं?”

बसमध्ये या वाक्याला हमखास हशा येतो. मला अजून येत नाही. कारण ते वाक्य बोलता बोलता सरांनी पोटातलं उत्तर परत ‘बंद’ केलं, आणि वर लॅपटॉपला पासवर्ड घातला. त्या दिवसापासून या मशीनचा प्रोग्रॅम फक्त सरांनाच उघडता यायचा. माझ्यासारखीला मशीन चालताना बाहेरून दिसायची, आत कुठली तार आहे आणि कुठली नाही ते दिसायचं नाही.

दाराची निखळलेली तार मात्र त्यांनी परत जोडली, हे मी स्वतः पाहिलं होतं. तेवढ्यावर मी झोपत होते.

* * *

आता सत्काराचा किस्सा.

मशीनच्या स्क्रीनवर ऑपरेटरचं नाव टाकायची एक जागा आहे. पहिल्या ट्रायलला सरांनी स्वतःचं नाव टाकलं होतं आणि तेच डीफॉल्ट राहिलं. मंगलताईला ती जागा कुणी दाखवलीच नाही. त्यामुळे तिनं तपासलेल्या प्रत्येक पंपाच्या रिपोर्टवर ऑपरेटर म्हणून छापून यायचं: खैरे.

कस्टमरनं हे रिपोर्ट पाहिले. एकसारखं, बिनचूक काम. त्यांच्या सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात पुरवठादारांकडच्या उत्तम ऑपरेटरचा सत्कार होता. निरोप आला, खैऱ्यांना पाठवा.

मला वाटलं, सर फोनवर हसतील आणि खरं काय ते सांगतील. सर कोट घालून गेले.

दुसऱ्या दिवशी शाल सरांच्या खुर्चीवर आणि नारळ कॅन्टीनमध्ये. सर म्हणाले, “मी भाषणात सांगितलं, हे टीमवर्क आहे.”

मी मंगलताईकडे धावले. “तुम्ही बोला ना काहीतरी. काम तुमचं, आणि शाल यांच्या खुर्चीला?”

ती खोबऱ्याचा तुकडा चघळत होती. “शाल काय, उन्हाळ्यात कुनाला पायजे? मला येगळाच इचार आला.”

“काय?”

“उद्या माजा हात गेला, तर रिपोर्टात कुनाचा गेला म्हनून लिवतील?”

तिनं खोबरं संपवलं, हात धुतले आणि परत मशीनवर गेली.  

* * *

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर पंचवीसचा किस्सा सांगते.

मे महिना. वर पत्रा. आमच्या शेडमध्ये त्या दिवसांत पाण्याची बाटली टेबलावर ठेवली तर दुपारी त्यात चहा होईल. मशीनच्या तेलाचं तापमान स्क्रीनवर दिसतं, आणि त्या आठवड्यात ते सतत पंचवीस दिसत होतं. सकाळी पंचवीस. भर दुपारी पंचवीस.

“सर, हे शक्य नाही.”

“चांगलं तेल आहे. मी सांगून मागवलंय.”

तेलात बुडवलेल्या सेन्सरची वायर उंदरानं खाल्ली होती. तारेतून काहीच येईना, म्हणून चौकोनानं पोटातलं उत्तर काढलं, आणि ते रोज तेच काढत होता.

तिसऱ्या प्रहरी करपट वास सुटला. मग मशीनच्या मागून बारीक धूर.

“सर, धूर.”

सरांनी स्क्रीनकडे बोट केलं. “पंचवीस. शेजारी वेल्डिंग चाललं असेल.”

सागर म्हणाला, “सर, पंचविसाला एवढा धूर निघायलाय, तिसाला काय होईल ओ?”

मंगलताईनं आपणहून मशीन बंद केली आणि लांब जाऊन उभी राहिली. दाराची मूठसुद्धा तापली होती. सरांना हे आवडलं नाही. मशीन ठीक आहे हे दाखवायला त्यांनी तेलाच्या टाकीवर तळहात टेकवला.

नंतर आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते की हातावर चहा सांडला.

* * *

यापुढचा किस्सा मी बसून सांगते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की या क्षणी पडद्यावर जी काही उत्तरं आहेत तीच सगळ्यांच्या पोटात भरा. एका क्लिकमध्ये. परत परत टाइप करायचा त्रास नाही, म्हणून सरांची ती लाडकी.

एका संध्याकाळी त्यांनी जाड लोखंडी ठोकळा लावून खूप वरच्या दाबाची ट्रायल घेतली. दर वेळी आकडा टाकायचा कंटाळा आला, तेव्हा ती ओळ वापरली. मग बॅग उचलून घरी गेले.

सकाळी मंगलताई आली. नेहमीचा पंप लावला, पेडल मारलं, दार ओढलं. ज्या दाबाला लोखंड टिकलं होतं तो दाब त्या बिचाऱ्या अॅल्युमिनियमच्या पंपात गेला.

आवाज मी ऑफिसात ऐकला. टायर फुटल्यासारखा, पण बंद डब्यात. पळत आले तर मशीनच्या पारदर्शक दाराला आतून एक मोठा पांढरा ओरखडा पडलेला आणि त्याच्याभोवती बारीक रेषा पसरलेल्या. बरोबर तिच्या छातीच्या उंचीवर. मंगलताईचा हात अजून मुठीवर होता. सागर तिची बोटं एकेक करून सोडवत होता.

“दार लावल्यावर झालं न्हवं ह्ये?” तिनं मला विचारलं.

“हो, ताई.”

“दार लावल्यावरच झालं न्हवं?”

तिनं तेच परत परत विचारलं. मी परत परत हो म्हणाले. मग पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावला.

सर आले. फुटलेला पंप पाहिला, आकडा पाहिला आणि काय झालं ते त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते दाराजवळ गेले. ओरखड्यावरून बोट फिरवलं.

“बघितलंस?” ते म्हणाले. “याला म्हणतात क्वालिटी. हा दरवाजा मी सिलेक्ट केला होता.”

मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, “हेच दार उघडं असतं तर, सर? रिले कधी बसवणार?”

“दिवाळीनंतर बघू. आधी डिलिव्हरी जाऊ दे.”

* * *

दिवाळीच्या आधी खंडेनवमी येते.

त्या दिवशी सगळीकडे मशीनला विश्रांती. पुसायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि लवकर घरी. आमच्या मालकांची मात्र एक स्वतःची काढलेली रीत आहे. मालक मूळचे इथलेच, शेतीतून या धंद्यात आलेले. त्यांनी पहिलं मशीन घेतलं तेव्हा पूजेनंतर त्याचा दट्ट्या एकदा खाली आणून वर नेला होता आणि ते वर्ष चांगलं गेलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला आमच्याकडे मशीन नमस्कार करते. पूजा झाली की सगळे समोर उभे राहतात, दट्ट्या एकदा सावकाश खाली वाकतो, वर जातो, आणि टाळ्या.

जुन्या मशीनना दारंच नव्हती. या मशीनला दार. आणि दार लावून केलेला नमस्कार देवाला कसा दिसणार?

“दार उघडं ठिवून वाकव की तिला,” मालक म्हणाले.

मी म्हणाले, “दार उघडं असताना ती हलत नाही. मुद्दाम तसं केलंय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं.

“दोन मिनिटांचं काम आहे, साहेब,” सर म्हणाले.

लॅपटॉप उघडला. मी त्यांच्या मागेच उभी होते. दाराच्या चौकोनाकडे जाणारी तार त्यांनी निवडली आणि पुसली. एवढंच. चौकोनाच्या पोटात ‘बंद’ होतंच. समोर दार सताड उघडं, आणि मशीनच्या दृष्टीनं ते आता कायमचं लागलेलं.

मंगलताईनं आत हात घालून दट्ट्याच्या तोंडावर हळदीकुंकू लावलं, कारण दर वर्षी तीच लावते. मालकांनी हार आत अडकवला. ती बाजूला झाली, मी स्वतः तिला दंडाला धरून आणखी बाजूला केलं, आणि सरांनी पेडल मारलं.

दट्ट्या वाकला. हार त्याच्याबरोबर खाली आला आणि त्याच्याखाली गेला.

वर गेला तेव्हा झेंडू उरला नव्हता. लोखंडावर एक केशरी डाग होता, कागदासारखा पातळ, आणि त्याच्या कडेनं पाणी सुटलं होतं.

“देवानं हार मानून घ्येतला,” मालक म्हणाले. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. पेढे फिरू लागले.

सागर माझ्याकडे बघत होता. “अशी काय पांढरी पडलीस? पूजा हाय ना.”

मी सरांना गाठलं. “सर, तार.”

“जोडतो गं. आधी प्रसाद घे.”

बस हॉर्न देत होती. मी खिडकीतून पाहिलं तर सर लॅपटॉप बगलेत मारून मालकांच्या गाडीपाशी गप्पा मारत उभे होते.

दसऱ्याचा दिवस माझा कसा गेला ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. आई सोनं वाटायला चल म्हणून मागे लागली होती. मी सरांना फोन केला. उचलला नाही. मेसेज केला, तर शुभेच्छांचं चित्र आलं. मग मंगलताईला फोन केला आणि म्हणाले, “उद्या मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका.” ती म्हणाली, “बरं.” आणि थोडं थांबून म्हणाली, “माजी सवय हाय गं पेडल आदी मारायची. हात लावला तर कळायचं बी न्हाई मला.”

* * *

आता शेवटचा. आज त्या मशीनच्या दाराला स्वतंत्र रिले आहे, आणि तो दिवाळीच्या आधीच बसला. तो का बसला, त्याचा हा किस्सा. त्या दिवशी कुणालाही साधं खरचटलंही नाही, हे आधीच सांगते, कारण बसमधले लोक मध्येच तेवढं विचारतात आणि मग पुढचं ऐकतच नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन रवाना व्हायची होती. ट्रक गेटवर उभा. एक शेवटची ट्रायल घ्यायची आणि बांधायला सुरुवात करायची. मंगलताई मशीनजवळ होती, पण हात मागे बांधून. माझी वाट बघत.

सर आले. लॅपटॉप नव्हता.

“तार जोडली?” मी विचारलं.

“जोडली.”

“कधी?”

“त्याच दिवशी.”

“त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत पेढे वाटत होता. दाखवा ना, सर. लॅपटॉप कुठाय?”

“घरी आहे. मी सांगतोय ना जोडली म्हणून.”

“मग आत काही न लावता, दार उघडं ठेवून पेडल मारू. रिकामी मशीन. हलली नाही की विषय संपला.”

माणसं जमायला लागली होती. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा आत आला. सरांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

“म्हणजे सगळ्यांसमोर माझी परीक्षा? तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी मशीन चालवतोय. माझा शब्द पुरत नाही तुला?”

सागरनं माझी बाही ओढली. “प्राजक्ता, जाऊ दे की.”

“काही परीक्षा होणार नाही,” सर म्हणाले. “मंगल, पीस लाव. नेहमीसारखी ट्रायल घे.”

मंगलताईनं पंप उचलला. आणि तशीच उभी राहिली. दार उघडं होतं, आत वर दट्ट्या होता. तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला नोकरी हवी होती आणि हात हवा होता, आणि सर तिच्याकडे बघत उभे होते. 

मला त्या माणसाला दोन शब्द सुनावायचे होते. माझ्या तोंडून ते अगदी शांतपणे आले, मलाच नवल वाटलं.

“सर, तुमचा शब्द पुरतो. मग आजचा पीस तुम्ही लावा. दार उघडंच राहू दे. पेडल मंगलताई मारेल.”

 मला वाटलं मंगलताई म्हणेल, न्हाई बाई, असलं काय बोलतीस.  तिनं पंप सरांच्या हातात दिला, एक पाऊल मागे सरली आणि तिचा जाड बूट पेडलवर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

सर हसले. “एवढंच ना?”

त्यांनी शर्टाची बाही वर सारली. उजव्या हातात पंप घेतला, वाकले आणि हात दारापर्यंत नेला. तिथे तो थांबला. त्यांनी वर दट्ट्याकडे पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

मग त्यांनी पंप डाव्या हातात घेतला, उजवा हात पाठीमागे नेला, आणि डावा आत घातला. ते सगळ्यांनी पाहिलं, आणि मंगलताईनं बूट पेडलवरून काढून घेतला.